मांडवाचा खांब सरळ व्हावा म्हणून

माझ्या आईवडिलांचं लग्न १९८९ सालचं. त्याची व्हीएचएस कॅसेट मी पहिल्यांदा संगणकात घ्यायला बसलो, तेव्हा पडद्यावर भटजी आले, अंतरपाट आला, अक्षता वाटणारे आजोबा आले, आणि त्यांच्या मागचा मांडवाचा खांब डुलत होता. पाण्यात धरलेली काठी हलती दिसते तसा. चित्राच्या वरच्या काठाला तर सगळंच एका बाजूला झुकलं होतं. मध्येच चित्र अर्धा क्षण गोठायचं आणि पुढे उडी मारायचं. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारी यूएसबीची एक काडी मी बाजारातून आणली होती. एका टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना, दुसऱ्या टोकाला यूएसबी. कॅसेटच खराब झाली असं समजून मी ती बाजूला ठेवणार होतो. पण मामा म्हणाले, "माझ्याकडच्या जुन्या टीव्हीवर लावून बघ, मगच ठरव." तोच व्हीसीआर, तीच कॅसेट त्यांच्या काचेच्या, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीला जोडली. खांब सरळ. तोरण जागच्या जागी.

जुन्या टीव्हीला जे जमतं ते नव्या संगणकाला का जमू नये? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर कळलं की त्या काडीबद्दलची, म्हणजे कॅप्चर कार्डाबद्दलची, माझी समजूतच चुकीची होती. मला वाटायचं, कार्ड म्हणजे चित्र पकडणारी वस्तू; जितकं महाग, तितकं चित्र स्वच्छ. खरं तर कार्डाचं मुख्य काम वेळ मोजण्याचं असतं. वायरीतून येते ती फक्त विजेची चढउतार. त्यातला कोणता क्षण म्हणजे चित्रातला कोणता ठिपका, हे कार्ड स्वतःच्या घड्याळावर ठरवतं. ही एक गोष्ट लक्षात आली की कोणतं कार्ड घ्यावं, याची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

आपल्याकडे दूरदर्शनने रंगासाठी पाल पद्धत स्वीकारली आणि १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत चित्र घरोघरी दिसू लागलं. पालमध्ये एका चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा, आणि एका रेषेच्या वाट्याला येतात ६४ मायक्रोसेकंद. त्यातले साधारण ५२ मायक्रोसेकंद चित्राचे. उरलेल्या वेळात 'ही रेषा संपली, आता नवी सुरू' हा इशारा आणि रंगाच्या जुळणीची खूण जाते. कार्ड या रेषेवर सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा नजर टाकतं आणि प्रत्येक नजरेला एक ठिपका नोंदवतं. रेषेचे ७२० ठिपके येतात ते या हिशेबातून. हा आकडा आंतरराष्ट्रीय मानकात ठरला तोही १९८२ मध्येच, आणि आजची स्वस्तातली काडीसुद्धा तोच पाळते. आता रेषेची सुरुवात ओळखण्यात कार्डाची फक्त १ मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर ती रेषा साडेतेरा ठिपके सरकते. शेजारशेजारच्या रेषा अशा कमीअधिक सरकल्या की उभा खांब डुलू लागतो.

रेषा वेळेवर का येत नाही, ते व्हीसीआरचं झाकण उघडून आत बघितलं की समजतं. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते आणि सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही. तिच्यापुढे एक गोल ड्रम तिरपा बसवलेला असतो, तो सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्याच्या कडेवरची हेडं फितीवर तिरक्या पट्ट्या वाचत जातात. एकेक पट्टी सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे बहुतेकांच्या केसापेक्षाही बारीक. ड्रमच्या एका फेरीत दोन पट्ट्या आणि एका पट्टीत अर्धं चित्र. तीसपस्तीस वर्षांत ती प्लॅस्टिकची फीत थोडी ताणली गेलेली असते, कपाटावरच्या उन्हाळ्याने आणि पावसाळ्याने तिचा आकार जरासा बदललेला असतो, यंत्राचे रबरी पट्टे सैल पडलेले असतात. म्हणून एक रेषा किंचित लवकर संपते, तर पुढची उशिरा.

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत प्रत्येक रेषेच्या इशाऱ्याची वाट बघून वळायचा. रेषा लवकर आली की तोही लवकर वळायचा. घरोघरी व्हीसीआर येणार हे धरूनच ते टीव्ही बनवलेले असत, म्हणून त्यांची जुळणी मुद्दाम सैल ठेवलेली असे. स्वस्त कार्डातल्या चिपेला ही पाठलागाची कसरत नीट जमत नाही. आणि एखाद्या ठिकाणी इशाराच हरवला, तर ती ते अख्खं चित्र टाकून देते. माझ्या पडद्यावर चित्र उड्या मारत होतं त्याचं कारण हेच.

म्हणून 'कोणतं कार्ड घेऊ' असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: लग्न नेमकं कशावर आहे? कारण पुष्कळांना कार्डाची गरजच नसते. २००० सालानंतरच्या अनेक लग्नांच्या व्हीसीडी किंवा डीव्हीडी घरात असतात. त्या आधीच अंकी स्वरूपात आहेत. व्हीसीडी संगणकात घाला, एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल सापडेल. डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी फाइली. त्या जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवायच्या, झालं. डीव्हीडी प्लेअरला पिवळी वायर लावून त्याच्यावरून पुन्हा 'कॅप्चर' करणारे लोक मी पाहिले आहेत. असलेल्या चित्राचा त्यात निष्कारण ऱ्हास होतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ इतकंच असतं. कोणतंही कार्ड त्यात भर घालू शकत नाही. पण तिच्या मागे मूळ व्हीएचएस किंवा मिनीडीव्ही कॅसेट कपाटात असेल, तर ती शोधणं फार मोलाचं. शूटिंगवाले कधीकधी मूळ कॅसेटसुद्धा घरच्यांच्या हवाली करत, आणि ती नेमकी सगळ्यात खालच्या खोक्यात असते.

मिनीडीव्हीची गोष्ट वेगळीच. १९९५ मध्ये आलेल्या या इवल्या कॅसेटीत चित्र अंकांतच लिहिलेलं असतं, तासाला सुमारे १३ जीबी. तिथे कार्डाने मोजायचं काहीच उरत नाही. फक्त अंक इकडून तिकडे न्यायचे. त्यासाठी फायरवायर नावाचं पोर्ट लागतं. सोनीच्या कॅमेऱ्यांवर त्यालाच आय-लिंक म्हटलं आहे. नव्या लॅपटॉपवर हे पोर्ट दिसत नाही, पण घरी डेस्कटॉप असेल तर त्याच्या मोकळ्या स्लॉटमध्ये फायरवायरचं कार्ड बसवता येतं, आणि हे काम यूएसबीच्या काडीपेक्षा शतपटीने बरं होतं. त्या कॅमेऱ्यांना यूएसबीचंही पोर्ट असतं, त्याला मात्र भुलू नये. बहुतेक कॅमेऱ्यांत ते फोटो काढून घेण्यापुरतं किंवा लहानसं, खराब चित्र पाठवण्यापुरतं दिलेलं असतं. कॅमेऱ्यातून पिवळ्या वायरीने चित्र काढणं म्हणजे अंकांची वीज करायची आणि विजेचे पुन्हा अंक करायचे, असा दुहेरी तोटा. १९९९ साली आलेल्या डिजिटल-८ जातीच्या काही कॅमेऱ्यांत जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटीही चालतात, आणि त्यांचं चित्र तो कॅमेराच अंकांत करून फायरवायरने देतो. आत्या-काकांपैकी कुणाच्या कपाटात असा कॅमेरा पडून असेल, तर कोणत्याही नव्या खरेदीआधी तो मागून आणावा.

राहिली व्हीएचएस. कार्डाची खरी गरज तिलाच. आणि इथे बाजार माणसाला गोंधळात टाकतो.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर टीव्ही बघण्यासाठी पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी ट्यूनर कार्डं मिळत. त्यातल्या पुष्कळ कार्डांवर ब्रुकट्री कंपनीची ८७८ क्रमांकाची चिप असे, आणि त्यांचं चित्र आजच्या अनेक काड्यांपेक्षा चांगलं होतं. पण नव्या मदरबोर्डवर तो स्लॉट नाही, आणि नव्या विंडोजला लागणारे ड्रायव्हर बहुतेक कार्डांसाठी कुणी लिहिले नाहीत. लिनक्स वापरणाऱ्यांना तो आधार अजून आहे. ज्याच्या घरी जुना डेस्कटॉप जिवंत आहे, त्याने तो भंगारात देण्याआधी आत डोकावून बघावं.

आज दुकानात दिसते ती 'ईझीकॅप' या नावाने ओळखली जाणारी यूएसबीची काडी. हे नाव म्हणजे एका वस्तूचं नावच नव्हे. तसल्याच दिसणाऱ्या डबीत निरनिराळ्या चिपा सापडतात: सिंटेकची एसटीके११६०, एम्पियाची ईएम२८६०, सोमॅजिकची एसएमआय२०२१, फुशिकाईची यूटीव्ही००७. प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा, रंग वेगळा, इशारा हरवल्यावरची वागणूक वेगळी. शेजाऱ्याच्या काडीने छान काम केलं म्हणून तशीच दिसणारी काडी आपण आणावी, तर आत भलतंच निघतं. दुकानदाराला विचारून उपयोग नसतो. त्याच्याकडेही तेच खोकं आलेलं असतं. म्हणून ज्यावर कंपनीचं नाव आणि मॉडेलचा क्रमांक स्पष्ट लिहिलेला आहे, आणि ज्याचा ड्रायव्हर तुमच्या घरच्या विंडोजसाठी कंपनी आजही देते, असं यंत्र घ्यावं. उदाहरणादाखल हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह२ घ्या. त्यात पिवळी पिन आणि एस-व्हिडिओ दोन्ही आहेत, पाल चालतं आणि आवाजही त्याच तारेतून येतो. दुसरं कुठलं घेतलं तरी मी याच गोष्टी तपासेन.

यातल्या एस-व्हिडिओबद्दल थोडं जास्त सांगतो. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि पुढे कार्डाला ते वेगळे करावे लागतात. ते काम अपुरं झालं की शालूच्या जरीच्या काठावर इंद्रधनुष्यासारखे रंग नाचताना दिसतात. एस-व्हिडिओच्या चार पिनांच्या गोल जोडणीत दोघांची वाट वेगवेगळी असते. खुद्द व्हीएचएसच्या फितीवरही रंग आणि उजेड वेगवेगळे लिहिलेले असतात. रंग खालच्या लहरींत, ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि उजेड त्याच्या वर. म्हणजे फितीवर वेगळे असलेले दोघे व्हीसीआरमध्ये एकत्र करायचे आणि कार्डात पुन्हा सोडवायचे, हा सगळा उपद्व्याप टळतो. अडचण एवढीच की एस-व्हिडिओ देणारे व्हीसीआर म्हणजे मुख्यतः एस-व्हीएचएस जातीची महाग यंत्रं, आणि आपल्याकडे घरोघरी होते ते साधे व्हीसीआर किंवा नुसती कॅसेट चालवणारे व्हीसीपी. तुमच्या यंत्रामागे ते गोल छिद्र नसेल तर हळहळू नका. पिवळ्या वायरीने काढलेलं चित्रही जपण्यासारखं असतं.

एका जोडणीपासून मात्र सगळ्यांनी लांब राहावं. पिवळी वायर एचडीएमआयमध्ये बदलून देणारी एक छोटी डबी मिळते, आणि एचडीएमआय पकडणारी यूएसबीची काडीही सर्रास मिळते. दोन्ही स्वस्त, दोन्हींवर '१०८०' लिहिलेलं. ती एकापुढे एक जोडली की काम होतं, असं अनेकांना वाटतं. चित्र येतंही. पण ती पहिली डबी ५७६ रेषांचं चित्र ताणून १०८० करते, दोन अर्धी चित्रं स्वतःच्या बुद्धीने एकत्र चिकटवते, सेकंदाच्या २५ चित्रांची बहुधा ६० करते, आणि हे सगळं एकदा झालं की परत फिरवता येत नाही. शिवाय थरथरत्या रेषांचा प्रश्न तिथेही तसाच. मोठ्या आकड्याचा मोह होतो, हे मी समजू शकतो. पण व्हीएचएसच्या फितीत आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. १०८० हा आकडा त्यात कुठून येणार?

ज्यांना कॅसेटशी देणंघेणं नाही, फक्त गेम किंवा कॅमेऱ्याचं चित्र संगणकात हवं आहे, त्यांच्यासाठी एचडीएमआयच्या काड्या योग्यच. तिथे एकच हिशेब बघायचा. सेकंदाला ६० चित्रं, १०८० रेषा, काही न दाबता पाठवायची तर सुमारे २ गिगाबिट लागतात. यूएसबी २.० ची सगळी मिळून क्षमता ४८० मेगाबिट. म्हणून स्वस्त काडी प्रत्येक चित्र जेपेग करून दाबते आणि बहुतेकदा ३० चित्रांवर थांबते. डब्यावर '४के' लिहिलेलं असलं तरी ते आत येणाऱ्या चित्राबद्दल असतं, नोंदवल्या जाणाऱ्या नव्हे. यूएसबी ३.० चं यंत्र आणि संगणकावरही तेच पोर्ट असेल तर हा प्रश्न मिटतो. डीटीएच बॉक्सच्या एचडीएमआयमध्ये नक्कल रोखणारं कुलूप असतं, तिथे पडदा काळाच राहील. तो कार्डाचा दोष नव्हे.

आता पुन्हा मांडवात येऊ. कार्ड बदलून माझा खांब सुधारला, पण पूर्ण सरळ झाला नाही. तो सरळ करणाऱ्या यंत्राचं नाव टाइम बेस करेक्टर, जाणकार त्याला टीबीसी म्हणतात. व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मध्ये बसून ते प्रत्येक रेषा क्षणभर आपल्या स्मरणात ठेवतं आणि नेमक्या ६४ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यावर पुढे सोडतं. कार्डाला मग अशी रेषा मिळते जिची वेळ मोजायला कसलंही कौशल्य लागत नाही. टीव्ही केंद्रांत ही यंत्रं अवजड आणि महाग असायची. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही वरच्या व्हीसीआरमध्ये ती आतच बसवलेली असत. आणि एक आडवाट अशी की काही डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मध्ये जोडले, त्यांच्यात काहीही रेकॉर्ड न करता, तरी ते रेषा ताळ्यावर आणतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे यासाठी जगभर शोधले जातात. मला एका ओळखीच्या घरी तसाच एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर माळ्यावर मिळाला. व्हीसीआरची पिवळी वायर त्यात, त्याची वायर कार्डात. खांब उभा राहिला. मी आईला हाक मारली. तिने पडद्यावर खांबाकडे ढुंकूनही बघितलं नाही, तिला कोपऱ्यात उभी असलेली तिची आत्या दिसली होती.

पैसे मर्यादित असतील तर ते कुठे घालावेत याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आधी व्हीसीआरवर, मग टीबीसीचं काम करणाऱ्या यंत्रावर, आणि शेवटी कार्डावर. लोक नेमकं उलट करतात, कारण कार्ड नवं मिळतं आणि बाकी दोन्ही जुनी, शोधावी लागणारी. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हापासून जे आहे ते दुरुस्त करत राहायचं. मोठ्या चित्रपटसंग्रहांपासून आकाशवाणी केंद्रांपर्यंत सगळ्यांपुढे हेच संकट आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल सावधगिरीची मोहीम काढली, तेव्हा २०२५ ही धोक्याची रेघ म्हणून सांगितली होती. ती रेघ आपण ओलांडली आहे. घरच्या कॅसेटीला कुणी संग्रहालय नाही, ती आपल्यालाच वाचवायची आहे.

कोकणात, मुंबईत, गोव्यात तर आणखी एक शत्रू आहे: बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीकडे तिरक्या उजेडात बघा. काळ्या तुकतुकीत कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडांवर चढते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. अशी फीत आधी जाणत्या माणसाकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी लागते. चांगली दिसणारी कॅसेटही थेट लावू नये. आधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणाखाली चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. आणि पाठीवरची ती छोटी प्लॅस्टिकची पट्टी आधी तोडावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी लग्न पुसलं जाणार नाही.

परदेशातल्या कॅसेटींचा घोळ सांगायला हवा. अमेरिकेतल्या काकांनी नव्वदच्या दशकात पाठवलेली बारशाची कॅसेट एनटीएससी पद्धतीची असते: ५२५ रेषा, सेकंदाला ३० च्या किंचित खाली चित्रं. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर ती चालवतात, पण बाहेर काढतात ते एक मिश्रण, रेषा अमेरिकेच्या आणि रंग पालचा. टीव्हीला ते चालतं, अनेक कार्डांना चालत नाही, आणि चित्र काळंपांढरं किंवा वर-खाली फिरतं दिसतं. कार्ड बिघडलं म्हणून ते परत करू नका. त्या कॅसेटीसाठी खराखुरा एनटीएससी देणारा बहुपद्धती व्हीसीआर मिळवा.

कार्ड आलं की सेटिंग्ज तपासाव्या लागतात, आणि इथे बहुतेकांचं नुकसान नकळत होतं. काही लोकप्रिय यंत्रांसोबत येणारं सॉफ्टवेअर पालचं चित्रही ६४० गुणिले ४८० मध्ये कोंबतं आणि जबरदस्तीने दाबून साठवतं. म्हणून दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चालणारं कार्डच घ्यावं. मी व्हर्चुअलडब वापरतो. तो फुकट आहे, जुनाट दिसतो, पण किती चित्रं गळाली याचा आकडा समोर ठेवतो. ओबीएसही चांगला आहे, मात्र तो मूळचा १०८० च्या चौकटीवर बेतलेला, त्याला ७२० गुणिले ५७६ आणि २५ चित्रं असं मुद्दाम सांगावं लागतं. साठवण दाबून नको. काहीच न दाबता तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हफयूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या, एकही ठिपका न गमावणाऱ्या पद्धतीने ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची लहान फाइल त्यातून नंतर हवी तेव्हा करता येते. उलट प्रवास शक्य नाही.

हालचालीच्या वेळी कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतील, तेव्हा घाबरू नका. व्हीएचएसमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, आधी विषम रेषा, मग सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणांची. त्यांना मूळ फाइलमध्ये तसंच राहू द्या. नंतर क्यूटीजीएमसी नावाच्या पद्धतीने त्यांची ५० पूर्ण चित्रं करता येतात, आणि मग नवरीचं वळून बघणं पुन्हा तसंच सहज दिसतं. चित्राच्या तळाला चारसहा रेषांची फाटकी पट्टीही दिसेल. एक हेड थांबून दुसरं सुरू होतं ती जागा. जुने टीव्ही ती काठाखाली लपवत.

ज्यांना सोल्डरिंगची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी अलीकडे एक वाट उघडली आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. व्हीएचएस-डिकोड नावाच्या मुक्त प्रकल्पात व्हीसीआरने तयार केलेलं चित्र घेतच नाहीत. हेडांवरून येणारा कच्चा संकेत यंत्राच्या आतल्या एका बिंदूवरून थेट उचलतात, सेकंदाला सुमारे २ कोटी ८६ लाख नमुने घेऊन साठवतात, आणि रेषांची वेळ जुळवण्यापासून रंग सोडवण्यापर्यंत सगळं काम संगणकावर सवडीने करतात. टीबीसी इथे लोखंडाचा राहत नाही, गणिताचा होतो. आणि हा संकेत उचलायला वापरतात काय, तर कोनेक्संटच्या सीएक्स२३८८ मालिकेची चिप असलेली जुनी टीव्ही ट्यूनर कार्डं, जी लोकांनी भंगारात टाकली होती! चित्र समजून घेण्याची तिची सगळी हुशारी बंद करून तिला नुसती मोजपट्टी म्हणून वापरायचं. तासाला १०० जीबीच्या वर कच्चा माल जमतो, तो नंतर दाबता येतो. साध्या व्हीसीपीमधूनही यातून जे चित्र निघतं ते बघून मी थक्क झालो आहे.

शेवटी आवाज. कार्डातून चित्र आणि संगणकाच्या लाइन-इनमधून आवाज, अशी जोडणी केली तर दोन घड्याळं होतात. त्यांच्यात दहा हजारांत एक इतका फरक असला तरी तीन तासांच्या कॅसेटीच्या शेवटी आवाज चित्राच्या सेकंदभर पुढेमागे गेलेला असतो. म्हणून चित्र आणि आवाज एकाच यंत्रातून, एकाच घड्याळावर घ्यावेत. तपासायची जागा लग्नाच्या प्रत्येक कॅसेटीत तयार असते. सुरुवातीला मंगलाष्टकं संपतात आणि टाळ्या पडतात, तिथे एकदा बघायचं. मग सगळी कॅसेट तिच्या वेळेत चालू द्यायची. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, तिला घाई करता येत नाही. आणि अगदी शेवटी, वरात दाराशी येते तिथे, ताशावर काडी पडताना बघायचं. आमच्या कॅसेटीत ताशेवाला कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि जोरात काडी मारतो. चौथ्या प्रयत्नात त्याची काडी आणि कडकडाट एकाच क्षणी आले, तेव्हा मी कॅसेट मागे फिरवली, डब्यात ठेवली आणि डब्यावर तारीख लिहिली.